अमीरवर चिडलेल्या माझ्या लेकीला

प्रिय मनू,

खालेद हुसैनीच्या कादंबरीबद्दलचा तुझा मेसेज बघितला, 'काइट रनर संपवलं, खूप रडले, पण अमीरला माफ करणं मला जमणार नाही'. नको करूस ना, कोणी जबरदस्ती केलीये का! फक्त तू ज्यासाठी त्याच्यावर चिडलीयेस, त्याहून वाईट तो नंतर वागलाय असं मला वाटतं.

तू त्या गल्लीतच अडकलीयेस. 1975 चा हिवाळा, काबूलमधली पतंगांची काटाकाटी, शेवटचा कटलेला निळा पतंग घरच्या नोकराचा मुलगा हसन धावत जाऊन अमीरसाठी पकडतो, तो द्यायला नकार देतो म्हणून मोहल्ल्यातला दांडगट आसिफ गल्लीत गाठून त्याचे जे हाल करतो ते अमीर कोपऱ्यावरून बघतो आणि पळून जातो. भयंकर आहे, मान्य. पण पोरगं बारा वर्षांचं, घाबरलं, पळालं, हे मी समजू शकतो.

मला पचत नाही ते गादीखालचं घड्याळ. वाढदिवसाला मिळालेलं घड्याळ आणि थोडे पैसे स्वतः नेऊन हसनच्या गादीखाली सरकवायचे आणि वडिलांना जाऊन चोरी झाल्याचं सांगायचं, हे काय घाबरून होत नाही गं, हे पूर्ण विचार करून केलेलं आहे. का, तर हसन रोज डोळ्यांसमोर येतो, पूर्वीसारखीच सगळी कामं करतो आणि एका शब्दाने जाब विचारत नाही. डाळिंबांचा सीन आठव, अमीर त्याला डाळिंबं फेकून मारतोय, तू पण मार म्हणून ओरडतोय, आणि हसन शेवटी एक डाळिंब उचलून स्वतःच्याच कपाळावर फोडतो. अशा माणसाला रोज घरात बघायचं म्हणजे शिक्षाच, मग त्यालाच घालवा! आणि हसन काय करतो, तर हो म्हणतो, मीच चोरी केली. चोरी हे एकमेव पाप असं मुलाला शिकवणारा बाबा (पुस्तकातला, मी नव्हे) लगेच माफही करतो, पण हसनचा बाप अली पोराला घेऊन निघून जातो. मी तिथे पुस्तक मिटून ठेवलं होतं.

आणि मैत्री मैत्री म्हणतो आपण, पण ती होती का दोन्हीकडून? एकाच दाईचं दूध प्यायलेली मुलं, पण अमीर पश्तून मालकाचा आणि हसन हजारा नोकराचा (पश्तून तिथली वरचढ जमात, हजारा दबलेली), पाहुण्यांची मुलं आली की अमीर याला खेळायलाही घ्यायचा नाही. वाचता येत नाही म्हणून शब्दांचे खोटे अर्थ सांगून त्याची मजा बघायचा.

म्हणून ते प्रायश्चित्त मला खरं वाटतं, कारण माफी मागायला माणूसच उरलेला नाही. 2001 मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या अमीरला वडिलांचा जुना मित्र रहीम खान याचा फोन येतो, अमीर पेशावरला जातो तेव्हा कळतं की हसनला तालिबानने कधीच गोळी घातलीये, मागे राहिलाय त्याचा मुलगा सोहराब, आणि त्याला आणायला अमीर काबूलला जातो. आता आसिफच पुन्हा तालिबानी होऊन समोर येणं, वर अमीरच्या ओठावर हसनसारखाच व्रण, हे जरा फिल्मी झालंय, तिथे मी लेखकाला मार्क देणार नाही. पण पुढे? सोहराबला अनाथाश्रमात पाठवणार नाही असा शब्द देतो आणि कागदपत्रांच्या भानगडीत थोडे दिवस राहावं लागेल म्हणून सांगून मोकळा होतो, मग ते पोरगं बाथरूममध्ये जीव द्यायला जातं. म्हणजे इतका मार खाऊन, जीवावर उदार होऊनही हा माणूस पुन्हा चुकतोच, आणि ते पोरगं अमेरिकेत आल्यावरही कित्येक महिने बोलत नाही.

मला विचारशील तर खरा राग रहीम खानचा येतो. त्या हिवाळ्यात काय झालं ते माहीत, हसन खरं तर अमीरच्या वडिलांचाच मुलगा तेही माहीत, आणि इतकी वर्षं गप्प राहून मरायला टेकल्यावर अमीरला बोलावून म्हणतो तू जा! तुझ्या आईला मात्र तो फार आवडतो, त्यावरून घरात रोज वाद चाललाय आणि मला एक मत कमी पडतंय. रविवारी फोन केलास की स्पीकरवर टाकतो, बोल काय ते.

बाबा