क्योतोतला ‘साल’ साल नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जपानच्या क्योतोमधल्या एका देवळाच्या अंगणाचा फोटो होता. हिरव्यागार शेवाळावर पांढरी फुलं पडलेली, आणि खाली ओळ : ‘ज्याच्या छायेत भगवान बुद्धांनी देह ठेवला तो साल वृक्ष’. मी साताऱ्यात ३१ वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. असलं काही वाचलं की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. तो साल नव्हे. पण नुसती चूक काढायची असती तर पोस्टकार्ड पुरलं असतं.

ते फूल मी जवळून पाहिलंय. लेक-जावई ओसाकाला असतात. त्यांच्याकडे जायचं ठरलं तेव्हा प्रवासी कंपनीतली मुलगी मला म्हणाली होती, “काकू, जूनमध्ये तिकडे काही नसतं, साकुरा संपलेला असतो.” जणू चेरी गळली की जपानला कुलूप. आपल्याकडे मृग लागतो त्याच सुमाराला तिकडे ‘त्सुयू’ सुरू होतो, त्यांचा पाऊसकाळ. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते. लेक वैतागलेली असायची, मला मात्र घरी असल्यासारखं वाटायचं.

अशाच एका भुरभुर पावसाच्या सकाळी आम्ही म्योशिन-जीला गेलो. हे क्योतोतलं रिंझाई या झेन बौद्ध पंथाचं मोठं मठसंकुल. त्याच्या आवारातल्या अनेक छोट्या मंदिरांपैकी एक तोरिन-इन. एरवी ते सर्वांसाठी उघडं नसतं, जूनमध्ये फुलांसाठी काही दिवस दार उघडतात. चपला काढून आत गेलं की चटयांची खोली, पुढे आपल्या ओसरीसारखी लाकडी पडवी आणि समोर बाग. माझे गुडघे पाहून एका बाईंनी न विचारताच बुटकी खुर्ची आणून दिली. तिथे तीसेक माणसं असतील, पण आवाज फक्त पागोळ्यांचा.

आणि मग टप्. एक अख्खं फूल शेवाळावर पडलं. पाकळ्या सुट्या होत नाहीत, फूल जसंच्या तसं खाली येतं आणि बहुधा तोंड वर करूनच बसतं. पाच शुभ्र पाकळ्या, कडा बारीक चुण्यांच्या, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. सकाळी उमललेलं संध्याकाळपर्यंत गळतं. लोक झाडाकडे फारसं बघतच नव्हते, सगळ्यांच्या नजरा जमिनीवर. पडलेली फुलं कुणी झाडत नाही, कारण तीच बघायला माणसं येतात. मला आमच्या अंगणातला पारिजातक आठवला. सवयीने मी पडवीच्या कडेला वाकले, दोन फुलं उचलावीत आणि लेकीच्या घरच्या देवाला वाहावीत म्हणून. लेकीने मागून पदर ओढला. “आई, इथे हात नाही लावायचा.” नाही लावला. पण जीव चुटपुटला हे खरं.

या झाडाला तिकडे म्हणतात ‘सारासोज्यू’. ‘सारा’ म्हणजे आपला संस्कृत शाल, जो चीनमार्गे तिथे पोचला, आणि ‘सोज्यू’ म्हणजे जोडवृक्ष. कुशीनगरला दोन सालवृक्षांच्या मधे बुद्धांचं महापरिनिर्वाण झालं, ती ही जोडी. प्रत्यक्षात मात्र हे झाड आहे ‘नात्सुत्सुबाकी’, म्हणजे उन्हाळी कॅमेलिया. कूळ चहाचं. खरा साल (शोरिया रोबस्टा) हिमालयाच्या पायथ्याचा आणि मध्य भारतातल्या जंगलांचा. त्याची फुलं बारीक, फिकट पिवळी, घोसांनी येणारी, आणि बहर वसंतातला. क्योतोत हिवाळ्यात पारा शून्याला टेकतो, बर्फ पडतो. तिथे उघड्यावर तो तगणार कसा? गंमत म्हणजे नात्सुत्सुबाकीची साल पापुद्र्यांनी निघून येते आणि खोड गुळगुळीत चट्ट्यापट्ट्यांचं दिसतं. साल नसलेलं आणि साल सोलणारं झाड! वर्गात हा विनोद केला असता तर मुलांनी बाकं वाजवली असती.

तिकडे हे झाड एवढं मनात बसलंय ते ‘हेइके मोनोगातारी’ या तेराव्या शतकातल्या युद्धकथेमुळे. तिच्या पहिल्याच ओळींत श्रावस्तीच्या जेतवन विहारातली घंटा आहे आणि सालाच्या फुलांचा रंग आहे : जे भरभराटीला आलं ते ओसरणार. शाळेत मुलांकडून त्या ओळी पाठ करून घेतात.

बोधिवृक्षाचंही तसंच. पिंपळ जपानी थंडीत टिकत नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीस एइसाई नावाच्या भिक्षूने चीनमधून एक झाड आणवलं, पान पिंपळासारखंच बदामी. ते लिंडेन या थंड प्रदेशातल्या झाडाच्या जातकुळीतलं. त्यालाच तिथे ‘बोदाइज्यू’, म्हणजे बोधिवृक्ष म्हणतात. क्योतोच्या शिन्न्यो-दो मंदिरात आम्ही तोही पाहिला. फुलं फिकट पिवळी, जूनमध्येच येणारी, आणि वास असा की झाड दिसायच्या आधी कळतं. याच एइसाईने ११९१ साली परतताना चहाच्या बिया आणल्या असं सांगतात, आणि रिंझाई पंथही त्यानेच जपानात रुजवला. म्हणजे तोरिन-इनच्या पडवीत बसून मी त्याच्याच पंथाच्या मंदिरात, चहाच्याच कुळातल्या झाडापुढे, वाटीभर हिरवागार माच्चा चहा पीत होते. हे लेकीला समजावायला गेले तर ती म्हणाली, “आई, गार होतोय, पी आधी.”

आता याला खोटा साल म्हणायचं का? मी म्हणणार नाही. आपल्याकडे पूजेत वस्त्र नसलं तर गुरुजी ‘वस्त्रार्थे अक्षतां समर्पयामि’ म्हणतात आणि देव ते मान्य करतो. दसऱ्याला आपट्याचं पान सोनं म्हणून देतो. त्यातही बाजारात बहुतेक वेळा कांचनाची पानं खपवतात, ती गोष्ट वेगळी. श्रीलंकेत तर साल म्हणून विहारांत लावतात तो आपला कैलासपती, मूळचा दक्षिण अमेरिकेचा. आपल्याला त्याच्या फुलात नागफणीखालची पिंड दिसते, ते बुद्धांना वाहतात. शिवाय पाली सुत्तात म्हटलंय की महापरिनिर्वाणाच्या रात्री सालवृक्ष अवेळीच फुलले होते. तेव्हा जपानी साल जूनमध्ये फुलला म्हणून मी कशाला तक्रार करू!

तक्रार आहे ती ओळ लिहिणाऱ्याविषयी. भाविकाने नात्सुत्सुबाकीला साल म्हणावं, वर्तमानपत्राने ‘साल म्हणून पुजलं जाणारं झाड’ असं लिहावं. चार शब्दच जास्त लागतात. आणि पुरवणीत दर मार्चला तीच ती चेरी छापण्यापेक्षा एकदा उन्हाळी फुलांवर लिहा. जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या देवळांत ‘सारुसुबेरी’ फुलते. माकडसुद्धा घसरेल इतकं तिचं खोड गुळगुळीत, म्हणून हे नाव. आपलं राज्यपुष्प ताम्हण, त्याची ही सख्खी बहीण. पाकळीची चुणी पाहिलीत तर ओळख पटवून द्यावी लागणार नाही.

बुद्धांच्या सालवृक्षाचाच फोटो हवा असेल तर छायाचित्रकाराला क्योतोला धाडायची गरज नाही. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात बुद्धांची सुमारे सात मीटर लांबीची महापरिनिर्वाण मूर्ती आहे. तिच्या उशापायथ्याशी दोन सालवृक्ष दगडात कोरलेत. त्या फोटोखाली तुमची ओळ जशीच्या तशी छापली तरी माझी हरकत नाही.

– एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा