कोल्हापुरातल्या मिरजकर तिकटीच्या घराविषयी आई-बाबांना पत्र

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही दिलेल्या कुलमुखत्यारपत्राच्या आधारे आपल्या घराच्या विकसन करारनाम्यावर, म्हणजे जुने घर पाडून बिल्डरने नवी इमारत बांधण्याच्या करारावर, मी सोमवारी सही केली. काका आणि आत्या यांच्या सह्या आधीच झाल्या होत्या. फोनवर सांगितले असते तर तुम्ही ‘बरं’ म्हणून फोन आईकडे दिला असता आणि रात्रभर जागे राहिला असता, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पेठ असुरक्षित झाली म्हणून मी हा निर्णय घेतलेला नाही. तसे दादाला वाटते. जून २०२३ मध्ये शहरात दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद झाले, तेव्हापासून ‘त्यांना तिथून बाहेर काढ’ एवढेच त्याचे म्हणणे असते. पुण्यात माझ्या सोसायटीबाहेर रात्री नऊनंतर चिटपाखरू नसते. आई मात्र दहा वाजता देवळातून एकटी परतली तरी पानपट्टीवाल्यापासून तालमीतल्या पोरांपर्यंत सगळी गल्ली तिची वास्तपुस्त करते. दुकानांचे दिवे चालू आहेत तोवर पेठेत भीती नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. खाली नुसते पार्किंग आणि वर फ्लॅट अशी इमारत उभी राहिली, तर मात्र हीच गल्ली ओसाड होईल. म्हणून रस्त्याकडेला गाळेच राहतील आणि गाड्या मागे परड्याच्या बाजूला लागतील, हे कलम मी भांडून करारात घालून घेतले आहे.

दादाने नागाळा पार्कात फ्लॅट पाहिला होता. २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली आणि २०२१ मध्ये ५६ च्याही वर. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. दोन्ही वेळा त्या भागात पाणी शिरले होते आणि दुधाळीची मावशी आपल्याच सोप्यात मुक्कामाला होती. मग सुरक्षित जागा कोणती, हे त्यानेच सांगावे.

मला भीती वाटते ती घराचीच. माडीच्या जिन्याची तिसरी पायरी हलते, आजोबांच्या वेळचे वायरिंग तसेच आहे, आणि वर सगळे सागवान. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आई माडीच्या खिडकीत उभी राहून मला फोनवर नुसते ‘गेलं गं, गेलं’ म्हणत होती. १९१५ साली बांधलेले ते नाट्यगृह आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर होते, बाबा. त्या रात्रीनंतर मला तुमच्या बायपासपेक्षा त्या जिन्याखालच्या मीटरची जास्त काळजी वाटते.

आपल्या भांड्यांच्या धंद्याचेही मोकळेपणाने लिहिते. अंबाबाई मंदिर परिसराच्या १,४४५ कोटींच्या आराखड्याला २०२५ मध्ये मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. त्याने महाद्वार रोडच्या दुकानदारांना भूसंपादनाची धास्ती लागली आहे. आपली गल्ली देवळापासून लांब पडते, पण भाविकांच्या गाड्यांनी शनिवार-रविवारी ती भरून जाते, आणि रुखवताची यादी घेऊन येणारे कागल-गडहिंग्लजचे गिऱ्हाईक गाडी लावायला जागा नाही म्हणून बाहेरच्या बाहेर जाते. पर्यटक पितळेचा बंब हातात घेऊन फोटो काढतो आणि परत ठेवतो. तरी दुकान बंद करायचे नाही, बाबा. नव्या इमारतीतला कोपऱ्याचा गाळा तुमच्याच नावावर राहील. आपले भाडेकरू शिंपीमामा यांनाही आत्ता आहे तेवढीच जागा मिळेल. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले आहेच, पण कायदा नसता तरी मी त्यांना वगळून सही केली नसती.

बांधकाम होईपर्यंत राजारामपुरीत तळमजल्यावरचे घर घेतले आहे. भाडे बिल्डर देणार आहे, त्याची बँक हमी घेतली आहे. आई, तिथे ओट्याला पूर्वेची खिडकी आहे, तुळशीला ऊन मिळेल, आणि दर शुक्रवारी देवळात न्यायला ओळखीचा रिक्षावाला ठरवला आहे. बाबांना गंगावेशीतल्या कट्ट्यावरचे धारोष्ण दूध हवे असेल, तर आठवड्यातून एकदाच, आणि तेही रिक्षाने.

लहानपणी मी गल्ल्याशेजारच्या पोत्यांवर झोपायचे. गिऱ्हाईकासमोर तुम्ही घागरीवर बोटाने टिचकी मारायचा, तो नाद कानावर पडला की दुकान चालू आहे, बाबा आहेत, असे वाटून मी कूस बदलायचे. अजूनही पुण्यात झोप लागत नसली की मी तोच नाद आठवते.

आता नीट ऐका. कोणी कोऱ्या कागदावर सही मागितली तर करायची नाही, माझ्याकडे पाठवायचे. सिटी सर्व्हेचे उतारे पाटावरच्या ट्रंकेतून काढून आईने कपाटात कुलपात ठेवावेत. पुढचा दरवाजा आणि तुळया आपल्याच आहेत, असे करारात लिहिले आहे, तेव्हा जुन्या लाकडाचा व्यापारी आला तर त्याला चहासुद्धा विचारू नका. रक्तदाबाची गोळी सकाळी, जेवणाआधी. शिंपीमामांना ही बातमी तुम्हीच सांगा, माझ्याकडून गेली तर त्यांना वाईट वाटेल. आणि मी शनिवारी येईपर्यंत माडीवरचे हंडे एकट्याने खाली उतरवू नका.

तुमची,
मनू