मावशी, उजव्या खांद्याला चुणी लागते

तीर्थस्वरूप मावशींना साष्टांग नमस्कार.

तुम्हाला वाचता येत नाही, तेव्हा हे पत्र तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवणार आणि खेळायला जायच्या घाईत मधल्या ओळी खाणार. म्हणून मुद्द्याचं आधी सांगते. आपल्या गोधडीवर मला झोप लागते. रात्री अकराला आडवी होते ती सकाळी दूधवाल्याच्या बेलनेच उठते. पुढचं सगळं त्याने गाळलं तरी चालेल.

पत्र चारचौघांत लिहितेय त्याला कारण आहे. संक्रांतीपासून मृग लागेपर्यंत तुम्ही आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, त्या मीटरच्या खोलीशेजारी बसून होतात. येता-जाता सगळे तुम्हाला बघायचे. पण 'वॉचमनची आई, डोळ्याच्या ऑपरेशनला आलीय' यापलीकडे निम्म्या लोकांना तुमच्याबद्दल काही ठाऊक नाही. मलाही नव्हतं.

बाबा मार्गशीर्षात गेले. त्याआधी दोन वर्षं अर्धांगाने अंथरुणाला खिळून होते. अशा माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दिवसा एक बाई होती, रात्री मी. बारा, दोन, चार, सहा. बाबा गेले, कॉट गेली, भाड्याने आणलेली हवेची गादी परत गेली, पण माझं शरीर काही ऐकेना. बारा, दोन, चार. उठून बसायची आणि कुणाची कूस बदलायची ते आठवेना.

लोक चांगले होते, तक्रार नाही. सगळे एकच म्हणायचे, आता जरा स्वतःकडे लक्ष दे. म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी सांगेना. ऑफिसातल्या मैत्रिणीने सुवासिक मेणबत्ती आणि आंघोळीच्या पाण्यात टाकायचं मीठ दिलं. टबभर पाण्यात मूठभर टाका, असं त्यावर लिहिलेलं. माझ्याकडे बादली आहे.

मग फेब्रुवारीतला तो रविवार. आजारपणातल्या सहा चादरी, बाबांची धोतरं आणि माझ्या जुन्या साड्या असं बोचकं घेऊन मी कचऱ्याच्या पिंपाकडे निघाले होते. तुम्ही डोळ्यांवर तो हिरवा चष्मा लावून बसलेल्या. म्हणालात, "म्याडम, कुठं निगालं ह्ये?"

टाकायला, म्हटलं.

"बगू."

तुम्ही बोचकं सोडलं. तुम्हाला नीट दिसत नव्हतं, तरी एकेक कपडा अंगठा आणि तर्जनीत चोळून दोन ढीग करत गेलात. एका साडीपाशी अडलात. कडेचा एक धागा उपसलात आणि मला काडी ओढायला लावलीत. धागा आकसला, वितळला आणि त्याची काळी, कडक गुठळी झाली. "ह्यो प्लाष्टिक." मग धोतराचा धागा. तो कागदासारखा भुरुभुरु जळाला, तसाच वास आला आणि बोटावर राखाडी राख उरली, फुंकर मारली तर उडून गेली. "ह्ये सूत. ह्ये टाकत्यात व्हय?"

सिंथेटिक साडी गोधडीला का चालत नाही हे नंतर कळलं: घाम टिपत नाही आणि आतल्या आत घसरते. त्या दिवशी मी फक्त त्या राखेकडे बघत होते. बाबांची धोतरं इतकी धुतली गेली होती की मलमलीसारखी मऊ झाली होती.

मला वाटलं, काम सोपं आहे. याची गोधडी तुम्ही शिवाल, मी पैसे देईन. तसं म्हटलंही. तुम्ही म्हणालात, "मला कुठं दिसतंय बाय? तू दोरा ववून दे फकस्त." म्याडमची बाय झाले ती अशी.

दुसऱ्या रविवारी लिफ्टला घाबरून तुम्ही तीन मजले चढून वर आलात. सोफा भिंतीला लावला. खाली चादर, तिच्यावर धोतरं, मग दोन साड्या, आणि सगळ्यात वर माझी मधल्या घडीवर विरलेली नारायणपेठी. चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता आणि पिठाचे दोन डबे. पाण्याचा हबका मारून मधून कडेकडे तळहाताने सुरकुत्या काढायच्या, मग वीतभर लांबीचे कच्चे टाके. मला कंटाळा आला आणि एका बाजूचे कच्चे टाके मी दूरदूर घातले. तुम्हाला ते हाताला कळलं असणार, पण तुम्ही गप्प राहिलात. त्याबद्दल पुढे बोलू.

मग दोरा ओवून दिला. एकदा, दोनदा, दहादा. मेणबत्तीवरून दोरा ओढून घ्यायचा म्हणजे गुंतत नाही, हे तेव्हाच शिकले. (मैत्रिणीची सुवासिक मेणबत्ती शेवटी इथे उपयोगी पडली. गोधडीच्या एका कडेला अजून लॅव्हेंडरचा वास येतो.) अकराव्या वेळी तुम्ही सुई घेतलीच नाही. "आता दोन टाके घाल. म्या पानी पिते." तुमचं पाणी पिऊन होईपर्यंत मी एक अख्खी ओळ घातली होती, वेडीवाकडी. तुम्ही तिच्यावरून बोट फिरवून म्हणालात, "गांडूळ चाललंय जनू. चालू दे."

मी दिवसभर ऑफिसात हिशेबच करते, त्यामुळे गोधडीचाही केला. पाच फूट रुंद, सात फूट लांब. अर्ध्या इंचावर एक ओळ. कडेने सुरू करून चौकोनात चौकोन आत आत जायचं. म्हणजे सगळ्या ओळी मिळून अडीचशे मीटरच्या वर धावदोरा. इंचाला तीन टाके धरले तर तीस हजार. रोज अर्धा तास बसलं तर तीन महिने, आणि खाडे धरले तर चार. तुम्हाला हा हिशेब ऐकवला तेव्हा तुम्ही कपाळाला हात लावलात. "मोजत बसलीस तर व्हायची न्हाई."

मोजणं थांबलं नाही, पण रोज अर्धा तास ठरून गेला. जेवण, भांडी, मग फरशीवर बसून गोधडी. सुईवर पाच-सहा टाके घ्यायचे, अंगुस्तानाने मागून रेटायचं, दोरा ओढायचा. ओढताना कापडातून एक बारीक आवाज येतो, सर्रर्र. तो आवाज दिवसभरात दुसऱ्या कशाचाच नसतो. टीव्ही लावायची तर ओळ चुकायची, फोन घ्यायची तर दोरा गुंतायचा. हात गुंतलेले असले की डोकं आपोआप रिकामं होतं असं लोक सांगतात. माझं झालं नाही. उलट डोक्यात सगळं यायचं: बाबांचा राग, माझा राग, एका रात्री मी त्यांच्यावर ओरडले होते ते. फक्त ते यायचं आणि ओळ पुढे जायची, ओळीपाशी थांबून राहायचं नाही.

बहात्तरच्या दुष्काळाचं तुम्ही एकदाच बोललात, एप्रिलमध्ये, लाईट गेली होती तेव्हा. तुमच्या माण तालुक्यात तेव्हा शेतात काही नव्हतंच. दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, तिथे खायला मिळणारी सुकडी घेऊन घरी यायचं आणि रात्री चिमणीच्या उजेडात वाकळ, म्हणजे गोधडीच, शिवायची. मी विचारलं, दमत नव्हता का? तुम्ही म्हणालात, "दमायचीच की. पर खडी सरकारची. वाकळ माजी."

तेव्हा मी हसले. पण त्याच आठवड्यात मी तुम्हाला सांगितलं की माझ्या भाच्याला बाळ होणार आहे आणि ही गोधडी त्याच्यासाठी देणार. तुम्ही जी चिडलात! मला वाटलं होतं, कौतुक कराल. "बाळाला दुपटं लागतंय. त्ये दोन दिसांत व्हतंय. ही तुजी." मी म्हटलं, मला काय करायचीय, माझ्याकडे ब्लँकेट आहे. तुम्ही सुई कापडात खोचलीत आणि सरळ उठून जिन्याकडे निघालात. जाताना म्हणालात, "पयली सोताची शिवायची. मंग गावाची शिव."

ही रीत माणदेशातली की तुमच्या एकटीची, ते मी कधी विचारलं नाही. पण खरं सांगते, मी आयुष्यात स्वतःसाठी हाताने काही केलेलं नव्हतं. स्वेटर विणले ते भावाला, भाच्याला. रुखवत मांडलं ते चुलत बहिणींचं. दिवाळीची उटणी कुटली, रांगोळ्या काढल्या, त्या दाराशी, येणाऱ्यांसाठी. एकटीसाठी तर मी कुकरसुद्धा लावत नव्हते, पोळीला तूप लावून गुंडाळून उभ्याउभ्या खायची. तुम्ही रुसून गेलात त्या रात्री मी वरण-भात लावला आणि ताट वाढून घेतलं. लिंबाची फोडही घेतली. त्यात काय एवढं, असं वाचणाऱ्याला वाटेल. वाटू दे.

पायांचंही तुम्हीच काढलंत. फरशीवर बसून माझे पाय सुजायचे आणि रात्री तळव्यांची आग व्हायची. तुम्ही म्हणालात, काशाची वाटी घास. तुळशीबागेतून घेऊन आले. खोबरेल लावून तळव्यावर वाटी गोल गोल फिरवायची, टाचेकडून बोटांकडे. दहा मिनिटांत तेल काळंकुट्ट झालं. तुम्ही विजयाने म्हणालात, "बग, उष्णता निगाली."

मावशी, इथे मी तुमच्याशी भांडणार आहे. काशात तांबं आणि कथील असतं. तेल आणि घाम लागून धातू घासला गेला की तो काळा होणारच, आतून उष्णता-बिष्णता काही येत नाही. पण त्या वाटीचा थंडगार गोल बुडखा तळव्याच्या खळग्यात बसतो ना, तेव्हा बरं वाटतं, आणि मग झोप येते, हे मात्र तुमचं शंभर टक्के खरं. कारणावरून वाद घालू, वाटी सोडणार नाही. पाय पुसायला एक जुना पंचा ठेवलाय, नाहीतर गोधडीला डाग पडतील.

आता तुमची लबाडी. मे महिन्यात मी एकदा खाली आले, तर तुम्ही नातवाच्या शर्टाला बटण लावत होतात. दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलंत, सुई उजेडाकडे धरलीत आणि पहिल्याच फटक्यात दोरा ओवलात. ऑपरेशन होऊन तेव्हा किती आठवडे झाले होते! आणि त्याच संध्याकाळी वर येऊन मला म्हणालात, "ववून दे गं, दिसत न्हाई." मी ओवून दिला, बोलले काहीच नाही. आज बोलते. मला माहीत होतं.

राहिली चुणी. गोधडी तीन चतुर्थांश झाल्यावर हाताला लागली: मी कंटाळा केला होता तिथेच, धोतराचा दुहेरी पडलेला पदर, पेन्सिलीएवढा जाड. काढायचा तर दहा-बारा रात्रींचे टाके उसवावे लागले असते. मी कात्री घेऊन बसले, तर तुम्ही ती काढून घेतलीत. "ऱ्हाऊ दे. पाठीला लागायची न्हाई." लागते, मावशी. बरोबर उजव्या खांद्याखाली लागते. गोधडी उलटी करून घेतली तर डाव्या पायाला लागते. बाबांचंच धोतर ते, सरळ वागलं असतं तरच नवल.

शेवटचा टाका पडला तेव्हा तुम्ही गावी निघायची तयारी करत होतात. पाऊस येणार म्हणून बाजरीच्या पेरणीची घाई. मी घडी करून दाखवायला आणली. तुम्ही उलगडलीत, कडेने हात फिरवत आत आत गेलात, मधल्या चौकोनाशी थांबलात. म्हणाल काहीतरी असं वाटलं. तुम्ही म्हणालात, "आता दुपट्याचं कापड काड." साडी देऊ केली तर घेतली नाहीत, पैशाचं तर नावच नको. शेवटी मेथीच्या लाडवांचा डबा पिशवीत टाकला, तोही तुमच्या मुलाने मला न विचारता परत आणून दिला, शेंगा भरून.

भाच्याला मुलगी झाली. दुपटं दोन दिवसांत नाही झालं, नऊ दिवस लागले. तिच्या आईने ते बारशाला वापरलं आणि आता ती ते तोंडात घालून चोखते, असं कळतं.

नवरात्र जवळ आलंय. घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची, हे आमच्याकडेही आहे. मी काल गोधडी टबात, म्हणजे मोठ्या घमेल्यात, भिजवायला घेतली आणि तशीच बाहेर काढली. पाणी प्यायल्यावर ती मला उचलणारही नाही, पिळणं तर लांबच. तिला दोन टोकांना दोन माणसं लागतात. शेजारणीला बोलावता येईल, पण ती चुणीवरून चार प्रश्न विचारेल. तुमचा मुलगा म्हणतो, आई काही आता दिवाळीपर्यंत यायची नाही. मग स्वारगेटहून दहिवडीच्या गाडीची चौकशी केली आहे. शनिवारी सकाळी निघते. तुमच्या ओढ्याला पाणी आहे का, तेवढं नातवाला सांगून कळवा. नसलं तर हौदावर धुऊ.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची बाय