बाबा, तुम्ही लांब गेलेला नाही

अथणी, एप्रिल अखेर

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

आई, परवा फोनवर तू आवाज खाली आणून जे सांगितलंस, ते ऐकल्यापासून मन थाऱ्यावर नाही. बाबा म्हणतात, "मी आता ख्रिस्तापासून लांब पडलो." शास्त्र वाचता येत नाही, गुडघ्यांमुळे चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत, रात्री प्रार्थनेला बसलं की अर्ध्यातच डोळा लागतो. यावर फोनवर बोलायची सोय नाही. विषय निघाला की बाबा "बरं, बरं, जेवलीस काय?" म्हणतात आणि फोन तुझ्या हातात देतात. म्हणून लिहितेय. हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखव, आणि "पुरे आता" म्हणाले तरी थांबू नकोस.

बाबा, काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी तुमच्या शेजारीच होते. तुम्ही एकच विचारलंत, "मोठ्या अक्षरांचं बायबल तरी वाचता येईल का?" त्यामुळे तुमचं काय गेलंय ते मला ठाऊक आहे. त्याला मी लहान म्हणणार नाही. पण वाचता न येणं वेगळं आणि लांब पडणं वेगळं. ही दोन्ही तुमच्या मनात एक झाली आहेत, आणि त्याचं कारण आपल्या घरातच आहे असं मला वाटतं. 1820 साली लंडन मिशननं बेळगावात काम सुरू केलं, 1904 मध्ये ते मेथडिस्टांकडे आलं, आणि आपलं घराणं पणजोबांपासून मंडळीच्या कामाला जुंपलेलं. गायनं कोण सांगणार, आजाऱ्यांना कोण भेटणार, नाताळची वर्गणी कोण गोळा करणार, तर आपलंच घर. काम हातात असलं म्हणजे आपण प्रभूजवळ, हे आपण न बोलता धरून चाललो. आता काम सुटलं, तर प्रभूही सुटल्यासारखा वाटतो.

योहानाचा पंधरावा अध्याय, द्राक्षवेल आणि फाट्यांचा, तुम्हाला पाठ आहे. तो मला खरा कळला तो इथं आल्यावर. पीककर्जाच्या पाहणीसाठी मला द्राक्षबागांतून फिरावं लागतं. सध्या खरड छाटणी चालू आहे. जानेवारी ते मार्चपर्यंत घडांनी लगडलेली बाग आता बघवत नाही. नुसते ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे हात, तारा आणि ऊन. प्रत्येक काडी एका डोळ्यापर्यंत, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेपर्यंत, मागं कापलेली. मी नवीन होते तेव्हा एका म्हाताऱ्या बागाईतदारांना विचारलं होतं, "एवढी चांगली फळं दिलेल्या काड्या कापता कशाला?" ते म्हणाले, "न कापता ठेवली तर पुढच्या वर्षी पानंच खायला मिळतील."

पुढचं त्याहून मोठं आहे. या छाटणीनंतर नवे फुटवे येतात, आणि साधारण 40 ते 60 दिवसांत, म्हणजे मे-जूनमध्ये, त्या कोवळ्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीआधी शेतकरी काड्या प्रयोगशाळेत नेतात, तिथं डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, तेव्हा आत एवढासा घड दिसतो. माल हाती येतो जानेवारीत, पण ठरलेला असतो या उन्हाळ्यात, बाग बोडकी दिसत असताना. आणि या सगळ्यात काडीचं काम काय? ओलांड्याला लागून राहणं. पाणी मुळं ओढतात, छाटणी माळी करतो, ऊन वरून पडतं.

पकडला जाण्याआधी प्रभूनं त्या रात्री शिष्यांना हेच सांगितलं. चौथ्या वचनापासून दहाव्यापर्यंत बघा, पुन्हा पुन्हा एकच मागणं, माझ्यामध्ये राहा. फळ आणा असा हुकूम तिथं नाही. राहिलात तर फळ येईल, असं वचन आहे. आणि फळ देणाऱ्या फाट्यालाही छाटलं जातं, अधिक फळ यावं म्हणून, हेही तिथंच आहे. तुमची नजर देवानं छाटली असं मी म्हणत नाही, बाबा. काचबिंदू हा आजार आहे, आणि आजाराला देवाच्या नावावर टाकायला माझी जीभ वळत नाही. पण तुमच्या हातातलं काम गेलं, पुढं उभं राहणं गेलं, तरी वेलीला लागून राहणं गेलेलं नाही. ते तर काडीच्या जोरावर कधीच नव्हतं.

जवळ बसणं म्हणजे जवळ असणं नव्हे, हे त्याच रात्री दिसतं. प्रभूला धरून देणारा यहूदा त्याच ताटात हात घालत होता, थैली त्याच्याकडे होती, म्हणजे आजच्या भाषेत मंडळीचा खजिनदार. पंडिता रमाबाईंचंही आठवा. जन्म आपल्याच कर्नाटकातला, गंगामूळच्या रानातला. 1883 साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढं स्वतःच लिहून ठेवलं की त्या वेळी मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला तो काही वर्षांनी. एवढी विदुषी बाई हे उघड लिहिते याचं मला फार वाटतं. म्हणून कुणी चर्चमध्ये किती दिसतो यावरून मी अंतर मोजत नाही, तुम्हीही मोजू नका.

आणि पेत्र. लूक लिहितो की प्रभूला पकडल्यावर पेत्र दुरून मागं चालला. लांब पडणं म्हणतात ते हे. पण त्याआधीच प्रभू त्याला म्हणाला होता, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. पेत्रानं तीनदा नाकारल्यावर कोंबडा आरवला, तेव्हा प्रभूनं वळून त्याच्याकडं पाहिलं. पेत्रानं पाहिलं नाही, प्रभूनं पाहिलं. प्रार्थनेत झोप लागते म्हणून तुम्ही कष्टी होता. त्याच रात्री गेथशेमाने बागेत प्रभूबरोबरच्या तिघा शिष्यांनाही झोप लागली होती, आणि जागा होता तो त्यांच्यासाठीच जागा होता.

मला मात्र पुनरुत्थानानंतरचं, तिबिर्याच्या समुद्रकिनाऱ्यावरचं तुम्हाला आठवून द्यायचं आहे. कोळशाचा विस्तव, भाजलेले मासे, भाकर. तीनदा विचारणं झालं, "तू माझ्यावर प्रीती करतोस काय?" आणि मग प्रभू पेत्राच्या म्हातारपणाबद्दल बोलतो. तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर बांधून हवं तिकडं जात होतास. म्हातारा होशील तेव्हा हात पुढं करशील, दुसरा तुझी कंबर बांधील आणि तुला नको तिकडं नेईल. योहान सांगतो की हे पेत्राच्या मरणाविषयी होतं, ते खरंच. पण हल्ली सकाळी आई तुमच्या सदऱ्याची बटणं लावते, तुम्ही हात पुढं करता, आणि रिक्षात बसवून आम्ही तुम्हाला दवाखान्यात नेतो, जिथं जायचं तुमच्या अगदी जिवावर येतं. त्यामुळे हे वचन मला तुमचंच वाटतं. कारण त्याच्या पुढचं वाक्य काय आहे? "माझ्यामागे ये." दुसऱ्यानं कंबर बांधलेल्या, दुसऱ्यानं नेलेल्या माणसालाही प्रभू हेच म्हणतो. त्याच्यामागं चालायला स्वतःचे गुडघे लागतात असं तिथं कुठंच नाही.

इथं मराठी उपासना नाही. रविवारी मी कानडी प्रार्थनेला जाते, थोडीच घरं जमतात. त्यात एक अज्जी आहेत. शास्त्र पुढं केलं की हात जोडतात, "ओदाक बरंगिल्ल." वाचताच येत नाही, कधीच आलं नाही. पण जोंधळा निवडताना, भाकरी थापताना त्यांचं बोलणं चालू असतं, हळू आवाजात, समोर कुणी बसल्यासारखं. मी एकदा चुलीपाशी बसून ऐकलं. मागणं काही नव्हतं. "नन्न जोडी इरप्पा," एवढंच पुन्हा पुन्हा. माझ्याजोडी राहा रे बाप्पा. अम्माऊसच्या वाटेवर संध्याकाळी त्या दोघा शिष्यांनी प्रभूला हीच विनंती केली होती, आणि तो आत गेला, त्यांच्याबरोबर जेवायला बसला. अज्जींसमोर मी माझी पदवी आणि माझं बायबल घेऊन बसते तेव्हा मला वाटतं, शिकायला मी आले आहे.

तर बाबा, तुम्ही असं करा. लांबलचक प्रार्थनेचा हट्ट सोडा. तेविसावं आणि एकशे एकविसावं स्तोत्र तुम्हाला तोंडपाठ आहे. उठल्यावर एक, झोपताना एक, आणि मध्येच झोप लागली तर लागू दे. मोबाइलवर मराठी बायबल ऐकता येतं, ते मी आईच्या फोनमध्ये घालून देते. आणि पाळकसाहेबांना सांगून प्रभुभोजन घरी घ्या. "त्यांना कशाला त्रास" म्हणू नका. आजाऱ्याच्या घरी प्रभुभोजन नेणं हे त्यांच्या सेवेतलंच काम आहे, आणि तुम्ही स्वतः त्यांच्याबरोबर किती घरी गेलात. आपल्या मेथडिस्ट मंडळीचे संस्थापक जॉन वेस्ली, त्यांची गोष्ट शब्बाथ शाळेत तुम्हीच आम्हाला सांगायचात. 1790 च्या पहिल्या दिवशी त्यांनी रोजनिशीत लिहिलं की मी आता म्हातारा, डोक्यापासून पायापर्यंत जीर्ण, डोळे मंद झाले, उजवा हात थरथरतो. पुढच्या वर्षी 2 मार्चला ते गेले, आणि अंथरुणावर म्हणत होते की सगळ्यांत उत्तम हे की देव आपल्याबरोबर आहे. घोड्यावरून गावंच्या गावं फिरलेला माणूस तो. शेवटी फिरण्याचा हिशेब त्यांनी काढला नाही.

आई, तुलाही सांगायचं आहे. महिला मंडळाला जाता येत नाही म्हणून तू चुटपुटतेस. बाबांच्या डोळ्यांत वेळच्या वेळी थेंब घालतेस, रात्री दोनदा उठतेस, त्यांच्या चिडण्याला उत्तर देत नाहीस. मी आजारी होतो आणि तुम्ही माझा समाचार घेतला, असं मत्तयाच्या पंचविसाव्यात कोण कुणाला म्हणतो ते तुला माहीत आहे. तुझी उपासना चुकत नाही. पण महिन्यातून एकदा तरी शेजारच्या मावशींना बाबांजवळ बसवून तू जा. सगळ्यांबरोबर गायलं की तुला बरं वाटतं, मी बघितलंय. एकट्यानं धरून राहणं प्रभूनं कुणाकडूनच मागितलेलं नाही, त्यानं मंडळी दिली.

आता जे लिहायला हात अडतो ते लिहिते, बाबा. रागावू नका. माझ्यामध्ये राहा म्हणून झाल्यावर प्रभू लगेच सांगतो, माझ्या आज्ञा पाळाल तर माझ्या प्रीतीत राहाल. आणि आज्ञा कोणती, तर एकमेकांवर प्रीती करा. धाकट्या काकांशी तुमचं बोलणं घराच्या वाटणीवरून तुटलं. कागदात काय होतं आणि कोण खरं, यात मी पडत नाही. तुमच्यावर अन्याय झाला असेलही. पण रात्री झोप मोडल्यावर तुम्ही आईजवळ त्यांचंच नाव काढता. वेदीपाशी अर्पण आणलं आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, हे तुम्ही आम्हाला लहानपणी शिकवलंत. डोळ्यांनी तुम्हाला प्रभूपासून लांब नेलेलं नाही, गुडघ्यांनी तर नाहीच. मनाला कुठं अंतर जाणवत असेल तर ते इथं असेल असं मला वाटतं, आणि हे अंतर न चालता कापता येतं, फोनवर. काकाही आता थकलेत. मागच्या महिन्यात मिरजेला दवाखान्यात भेटले, तर पहिलं वाक्य, "दादाचे डोळे कसे आहेत?" मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, कारण तुम्ही विषय बदलला असता. आता कागदावर आहे, बदलता येणार नाही.

मी शनिवारी दुपारच्या बसनं निघते, चिकोडीमार्गे, यायला रात्र होईल. जेवायला थांबू नका. इथला नवा बेदाणा आणतेय, आई. रात्री भिजत घालून सकाळी दोघांनी खा. पाळकसाहेबांशी मी रविवारी उपासनेनंतर बोलेन. आणि काकांचा नंबर माझ्याकडे आहे, बाबा. तुम्ही नुसतं "लाव" म्हणा, मी लावून देईन.

तुमची लेक