आधी रस्त्यावरचे पट्टे नीट मारा, मग पावत्या फाडा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात लेन कटिंगवरच्या, म्हणजे कशीही लेन बदलणाऱ्यांवरच्या कारवाईची बातमी वाचली. कारवाई करा, जरूर करा, पण पुणे-बंगळूर महामार्गावर शेंद्रे ते कराड लेन आहे कुठं ते आधी दाखवा. सहापदरीचं काम चाललंय हे मान्य, म्हणून काम संपेपर्यंत आम्ही अंदाजानं गाड्या हाकायच्या का?

गेल्या गुरुवारी रात्री साडेनऊला कराडहून साताऱ्याला येत होतो, मागच्या सीटवर आई. उंब्रज सोडलं आणि पावसानं झोडपायला सुरुवात केली. तिथं डायव्हर्जन काढलंय आणि जुना पांढरा पट्टा खरवडून काढायच्या ऐवजी त्याच्यावर नुसता काळा रंग फासलाय. दिवसा कळत नाही, पण रात्री ओल्या रस्त्यावर हेडलाइट पडला की तो काळा पट्टाच चकाकतो आणि नवा पांढरा पाण्याखाली गायब होतो. पट्ट्यात काचेचे बारीक मणी टाकतात ते रात्री दिसावं म्हणूनच ना, मग इथं ते गेले कुठं? मी आपला चकाकणारा पट्टा धरून चाललोय आणि तो थेट सिमेंटच्या ठोकळ्यात घुसलेला! कचकन डावीकडं घेतली, ना आरसा बघितला ना इंडिकेटर दिला, मागचा ट्रक हॉर्न मारत अगदी खेटून गेला. घर येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही.

नियमानं बघितलं तर चूक माझीच. तुटक पट्टा असेल तर आरसा बघून, इंडिकेटर देऊन लेन बदलायची, सलग असेल तर ओलांडायची नाही, हे २२ वर्षं गाडी चालवून मला पाठ आहे. २०१९ च्या कायदादुरुस्तीनं हे नियम मोडले तर ५०० ते १००० रुपये दंड आहे, तो भरीन मी. पण तो जुना पट्टा तसाच ठेवणाऱ्याची पावती कोण फाडणार, ते बातमीत कुठंच नाही.

आणि आता ऊस सुरू होईल. दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, टेप एवढा मोठा की हॉर्न ऐकू जात नाही, आणि चालणार उजव्या लेनमधून. गेल्या सीझनला आमच्या आळीतलं पोरगं रात्री अशाच ट्रेलरला मागून धडकलं, अजून काठी घेऊन चालतंय. त्यांना अडवताना मी तरी कुणाला बघितलं नाही.

गाळप सुरू व्हायच्या आत उंब्रजच्या पुढचा तो पट्टा खरवडून काढायला सांगा, एवढं तरी छापा.

– एक वाचक, नागठाणे (जि. सातारा)