काय सांगितलं असेल त्या मुलीनं बापाला?

निशी-कासाई, टोकियो
रविवार, रात्री

ती. आई-बाबा,

सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, ‘कार्टून बघून कोणी रडतं का गं?’ तेव्हा मी स्टेशनवर होते, गाडी आली, उत्तर राहून गेलं. दोन दिवस तो प्रश्न डोक्यात आहे. म्हणून आज जेवणं उरकून निवांत लिहायला बसले.

सिनेमाचं नाव ‘किमि नो ना वा’, म्हणजे ‘तुझं नाव’. माकोतो शिनकाई यांनी लिहिलाय आणि दिग्दर्शितही केलाय. २६ ऑगस्ट २०१६ ला तो इथे लागला आणि नुसत्या जपानात त्यानं २,५०० कोटी येनच्या वर गल्ला केला. मी तो तीनदा पाहिला. पहिल्यांदा पुण्याला हॉस्टेलवर, मैत्रिणीच्या लॅपटॉपवर. तेव्हा आकाश, पाऊस, रुळांवर पडलेलं ऊन यातच जीव अडकला होता. गेल्या आठवड्यात पाहिला तो तिसऱ्यांदा, आणि या वेळी भलत्याच ठिकाणी रडू आलं.

आई, तुला आधी शेवट सांगितल्याशिवाय तू सिनेमाला बसत नाहीस, म्हणून गोष्ट सांगूनच टाकते. डोंगरातलं इतोमोरी नावाचं तळ्याकाठचं गाव. (गाव कल्पनेतलं आहे, पण शेजारचा हिदा भाग खरा आहे.) तिथली मित्सुहा आणि टोकियोतला ताकी, दोघंही शाळकरी वयाचे. झोपेत यांचे जीव एकमेकांच्या अंगात जातात. आपल्याकडच्या परकायाप्रवेशासारखंच, फक्त इथे कोणी मंत्र म्हणत नाही, आपोआप होतं. जाग आली की काय काय घडलं ते दोघं एकमेकांच्या फोनमध्ये लिहून ठेवतात. मग एक दिवस हे थांबतं. ताकी तिला शोधत हिद्याला जातो. त्यानं आठवणीनं काढलेलं गावाचं चित्र तिथला एक रामेनवाला ओळखतो. गाव कधीचं संपलेलं असतं. तीन वर्षांपूर्वी, ४ ऑक्टोबर २०१३ ला, ऐन जत्रेच्या संध्याकाळी धूमकेतूचा तुकडा पडला आणि पाचशेहून जास्त माणसं गेली. मित्सुहाही त्यात गेली. म्हणजे ताकी जिच्या अंगात जात होता ती तीन वर्षं मागची होती.

मग तो पुन्हा एकदा तिच्या दिवसात जातो आणि गाव वाचवायची धडपड सुरू होते. इथे तू विचारशील की फोनवर तारीख बघितली नाही का दोघांनी? वार तरी कसे जुळले? खरं आहे, याचं उत्तर सिनेमा देत नाही. आणि मुलीच्या अंगात जागा झाल्यावर त्या मुलाचे चाळे पुन्हा पुन्हा दाखवलेत, ते मला आवडले नाहीत. तिथे तू नाक मुरडशील आणि बरोबरच करशील. आणखी एक सांगते. सगळे याला प्रेमकथा म्हणतात, पण ते दोघं प्रेमात पडले कधी हे मला तीनदा बघूनही नीट कळलं नाही. एका गाण्यात ते सगळं उरकलंय.

मला धरून ठेवते ती मित्सुहाची आजी. घरातल्या नावांवरूनच बघ. आजी हितोहा, आई फुताबा, मुली मित्सुहा आणि योत्सुहा, म्हणजे एक पान, दोन पानं, तीन पानं, चार पानं. पिढ्यान् पिढ्या मोजत आलेलं, देवळाचं पुजारपण असलेलं घर. आजी नातींना रेशमी दोरे विणायला शिकवते. इथे त्याला कुमिहिमो म्हणतात. लाकडी पाटावर गुंडाळ्या लोंबत असतात, त्या इकडच्या तिकडे फिरवायच्या, मधे दोरी वाढत जाते. आई, हा आपला गोफच गं! आजी म्हणते की धागा जोडणं, माणसं जोडणं, काळाचं वाहणं हे सगळं एकच, मुसुबी. दोरा पिळतो, गुंततो, तुटतो, परत जोडला जातो, तसाच काळ. मला एकदम अनंत चतुर्दशीच्या दोऱ्याच्या चौदा गाठी आठवल्या आणि दंडाला तो बांधताना ‘हलू नकोस’ म्हणणारी तू.

देवाच्या दारूचा प्रसंग आहे त्यात. दोघी बहिणी पूजेत भात चावून चावून लाकडी पेटीत थुंकतात. लाळेनं भातातल्या पिठाची साखर होते, मग तो आंबतो आणि त्याची दारू होते. फार जुनी पद्धत आहे. वर्गातली मुलं बघतात म्हणून मित्सुहा शरमेनं मेल्याहून मेली होते. आपल्याकडे नैवेद्याची आमटी चाखायचीसुद्धा सोय नाही, आणि यांच्याकडे देवाला चक्क उष्टं! पहिल्यांदा मलाही कसंसंच झालं. मग शबरी आठवली आणि गप्प बसले. पुढे ताकी ती दारू पितो आणि तिच्यामुळेच त्याला मागचा दिवस गाठता येतो.

आणि तो शब्द! वर्गात बाई फळ्यावर ‘तासोगारे’ची फोड करून दाखवतात. तिन्हीसांजेला समोरचा माणूस नीट ओळखू येत नाही, म्हणून ‘तो कोण?’ हीच त्या वेळेची ओळख. गावातली मुलं तिला ‘कातावारे-दोकी’ म्हणतात. मी टुणकन उठून बसले. आपली कातरवेळ! नातं काही नसणार, नुसता ध्वनीचा योगायोग, पण सूर्य बुडताना डोंगराच्या कड्यावर, तीन वर्षांचं अंतर मिटून दोघं काही क्षण समोरासमोर येतात तेव्हा माझ्या तोंडून कातरवेळ हाच शब्द आला. विसरू नये म्हणून एकमेकांच्या तळहातावर नाव लिहायचं ठरतं. तो तिच्या हातावर लिहितो. ती पेन टेकवते, एक रेघ ओढते, आणि उजेड जातो. पेन खाली पडतं. नंतर गावाकडे धावताना ती तोंडावर आपटते, मूठ उघडून बघते तर नाव नाहीच, ‘तू मला आवडतेस’ एवढंच लिहिलेलं. तिथे सगळं थिएटर रडत असेल. मी तिथे नाही रडले.

बाबा, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मित्सुहाचे वडील गावचे मेयर. बायको गेल्यावर देऊळ आणि घर सोडून राजकारणात गेलेले. पहिल्यांदा दिसतात ते प्रचाराच्या भाषणात. पोर मैत्रिणीबरोबर मान खाली घालून जात असते, आणि ते चारचौघांत तिला म्हणतात, ताठ चाल. मला इतका राग आला होता त्यांचा!

पुढे ताकी मित्सुहाच्या अंगात असताना त्यांच्या कचेरीत जाऊन गाव रिकामं करा म्हणून विनवतो. ते ऐकत नाहीत, डॉक्टरकडे जा म्हणतात. पोरगा चिडून त्यांचा टाय धरतो. चेहऱ्याजवळ चेहरा येतो आणि त्या माणसाचे डोळे बदलतात. ते विचारतात, कोण आहेस तू?

मैत्रिणींना इतके दिवस फक्त ‘ही जरा विचित्र वागतेय’ एवढंच वाटत होतं. आजीनं ओळखलं होतं. आणि ज्यानं घर सोडलं, जो तिच्याशी धड बोलत नाही, त्या बापानंही एका नजरेत ओळखलं की ही माझी मुलगी नव्हे. तिथे मला रडू फुटलं, बाबा. इथल्या पहिल्या थंडीत मी तापानं फणफणले होते आणि तुम्हाला कळू नये म्हणून खूप हसून बोलत होते. तुम्ही दोन वाक्यं ऐकून घेतलीत आणि म्हणालात, ‘हा आवाज तुझा नाही. काय झालंय?’ फोन ठेवून मी बराच वेळ तशीच बसले होते. तुम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं.

शेवटी मित्सुहा स्वतः, खरचटलेली, मळलेली, वडिलांसमोर जाऊन उभी राहते. आता ते तिला ओळखतात. आणि सिनेमा तिथेच तुटतो! पुढे कळतं ते एवढंच की मेयरांनी ऐनवेळी संकटाच्या सरावाची कवायत म्हणून गाव हलवलं आणि माणसं वाचली. ती काय बोलली, हे दाखवलेलंच नाही. माझ्या मते साऱ्या सिनेमातला सगळ्यात मोठा प्रसंग तोच आहे आणि तोच शिनकाईंनी बंद दाराआड ठेवलाय. आधी मला ही चूक वाटायची. आता नाही वाटत. ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर ते युरिआगे नावाच्या किनाऱ्यावरच्या वस्तीत गेले होते. सगळं वाहून गेलेलं होतं. त्यातूनच ही गोष्ट पुढे आली. ‘आधी कोणी सांगितलं असतं तर’ हे तिथल्या किती घरांत रोज मनात येत असेल. अशा माणसांसमोर ते शब्द कोणी लिहून दाखवायचे?

आज दुपारी योत्सुयाच्या सुगा देवळाजवळच्या जिन्यावर जाऊन आले. तांबड्या कठड्याचा साधा जिना, दोन्ही बाजूंना घरं. शेवटी याच जिन्यावर ते दोघं एकमेकांना नाव विचारतात. एक म्हातारं जोडपं भाजीच्या पिशव्या घेऊन, कठडा धरून, दर पाच पायऱ्यांना थांबत चढत होतं. माझा फोटो काढून देऊ का, म्हणून त्यांनीच विचारलं. फोटो आईच्या व्हॉट्सॲपवर टाकलाय.

पुढच्या रविवारी तुमच्या चारला, म्हणजे माझ्या साडेसातला, व्हिडिओ कॉल लावते. सिनेमा पावणेदोन तासांचा आहे, मी बाजूनं मराठीत सांगत जाईन. आईनं चहा आधीच करून ठेवावा. बाबा, तुम्ही मात्र एक करा. त्या कचेरीत मुलगी बापाला काय म्हणाली असेल, तुम्ही त्या खुर्चीत असतात तर कुठल्या शब्दावर उठला असतात, हे मला कळवा. फोनवर नको. तुमच्या अक्षरात लिहून पाठवा.

तुमची,
मनू