हायब्रिड करायची, पण इंजिन बंद पडल्यावर काय?

महोदय,

जुन्या, जतन केलेल्या गाड्यांना विजेची मोटर जोडण्याविषयीचा आपल्या अंकातला लेख वाचला. सगळा भर मोटर आणि बॅटरीवर होता. त्या दोन्ही वस्तू आज विकत मिळतात. काम फसते ते भलतीकडेच. हायब्रिडमध्ये, म्हणजे इंजिन आणि मोटर दोन्ही असलेल्या गाडीत, इंधन वाचते ते मुख्यतः इंजिन बंद ठेवल्याने, आणि जुनी गाडी तर ‘चाके फिरताहेत म्हणजे इंजिन चालू आहे’ असे धरूनच बनवलेली असते.

मागची चाके इंजिनवर आणि पुढची मोटरवर, ही सर्वांत सोपी रचना. न्यूट्रलमध्ये इंजिन बंद करून मोटरवर गाडी चालवली की मागच्या चाकांमुळे गिअरबॉक्सचा मेनशाफ्ट, म्हणजे चाकांकडे जाणारा दांडा, फिरत राहतो. इंजिनकडून फिरणारा आणि गिअरवर तेल उडवणारा जोडदांडा, लेशाफ्ट, मात्र थांबलेला असतो. मेनशाफ्टवरचे गिअर जागच्या जागी आणि त्यांच्या आतून शाफ्ट कोरडा फिरतोय, अशी स्थिती होते. गिअरच्या आतले बुश (धातूची अस्तरे) तापतात आणि शेवटी शाफ्टला धरतात. म्हणून नुसत्या मोटरवर वेग आणि अंतर कमीच ठेवावे, मधूनमधून इंजिन सुरू करावे आणि तेव्हा क्लच दाबून धरू नये, नाहीतर लेशाफ्ट फिरणारच नाही. बऱ्याच जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनवरच चालतो. अशी गाडी इंजिन बंद ठेवून पळवूच नये.

सर्व्हो ब्रेक, म्हणजे व्हॅक्युमच्या ओढीने पेडल हलके करणारा ब्रेक, असेल तर ती व्हॅक्युम इंजिनकडून येते. इंजिन थांबल्यावर एकदोनदा दाबले की पेडल दगडासारखे कडक. विजेवरचा व्हॅक्युम पंप आणि हवा एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. डायनॅमोही थांबतो, म्हणून दिवे वगैरेंच्या 12 व्होल्टसाठी मोठ्या बॅटरीचा व्होल्टेज उतरवणारा डीसी कन्व्हर्टर लागतो. काही जुन्या गाड्यांत बॉडीला प्लस जोडलेला असतो. तिथे आयसोलेटेड, म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी वायर एकमेकींपासून तोडलेला, कन्व्हर्टरच घ्यावा, साध्याने शॉर्ट होऊ शकतो.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, 16 सेल सिरीजमध्ये, म्हणजे 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-तासाची घेतली तर साधारण 5 युनिट वीज. मोटरने 10 किलोवॉट ओढले की करंट 200 अँपिअरच्या घरात जातो. केबल 70 चौरस मिलिमीटर छेदाची, फ्यूज डीसीचाच आणि बॅटरीच्या टर्मिनललगत. सुरुवातीचा प्रवाह हळू सोडणारा प्रीचार्ज रेझिस्टर गाळू नका. मोटरच्या कंट्रोलरमधले कपॅसिटर एकदम भरताना ठिणगी पडते, काँटॅक्टरची (बॅटरी जोडणाऱ्या मोठ्या स्विचची) टोके वितळून चिकटतात आणि मग किल्ली काढली तरी प्रवाह तुटत नाही.

ब्रेक मारताना परत मिळणाऱ्या विजेचा गवगवा फार. हजार किलोच्या गाडीत ताशी 50 किमी वेगाला जेमतेम 27 वॉट-तास ऊर्जा असते. त्यातली निम्मी बॅटरीत आली तरी पुष्कळ. शिवाय बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, चार्जिंग तोडते आणि वीज बनवताना मोटर लावत असलेला ब्रेक अचानक नाहीसा होतो. म्हणून बाहेरून चार्ज करताना 90 टक्क्यांवर थांबावे.

वारंवार थांबत शहरात फिरणाऱ्या गाडीला हा खटाटोप परवडेल. मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने जाणाऱ्या गाडीचा कार्ब्युरेटर नीट लावून घ्यावा, टायरची हवा पाहावी, ब्रेकशू ड्रमला घासत नाहीत ना ते तपासावे. तिच्या डिकीत बॅटरीचे ओझे भरण्यात अर्थ नाही.

– एक ऑटो इलेक्ट्रिशियन वाचक